अर्धा समुद्र तुझा, अर्धा माझा

दिवाळी अंकाच्या संपादक बाईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही जन्मभर नागपूरकरांना जग दाखवलं. त्यातल्या गमतीजमती लिहा." मी हो म्हटलं. गमती माझ्याकडे पोत्याने आहेत. पण लिहायला बसले की त्या गमतींच्या मधोमध इतवारी बाजारातलं एक भांड्यांचं दुकान येऊन बसतं आणि हलत नाही. म्हणून आधी थोडं इकडचं तिकडचं सांगते आणि मग त्या दुकानाकडे वळते.

"जग दाखवलं" हे तसं खोटंच आहे. मी जग विकलं, पाहिलं फार थोडं. कॅरिबियन समुद्रातल्या जहाजाच्या सफरी इतकी वर्षं विकल्या, पण त्या समुद्रावर मी एकदाच गेले, जहाजवाल्यांनी एजंटांना फुकट नेलं होतं तेव्हा. पहिले दोन दिवस उलट्या केल्या आणि उरलेले दिवस आलेपाक चघळत काढले. परत आल्यावर गिऱ्हाइकांसमोर "अहाहा, काय तो निळा रंग" म्हणताना माझी जीभ जराही अडखळली नाही. धंदा म्हणजे धंदा.

आमचं ऑफिस रामदासपेठेत, पहिल्या मजल्यावर. खाली रक्त-लघवी तपासायची लॅब. जिना एकच, त्यामुळे सकाळी उपाशीपोटी आलेले निम्मे लोक चुकून वर यायचे. एक आजोबा हातातली बाटली टेबलावर ठेवून समोरच्या खुर्चीत बसले आणि भिंतीवरच्या जहाजाच्या फोटोकडे बघत राहिले. मी त्यांना खाली पाठवलं. आठवड्याने ते परत आले, साखर वाढली आहे म्हणाले, आणि मरायच्या आधी अंदमान पाहायचं म्हणून बुकिंग करून गेले.

आता कॅरिबियनला नागपूरहून कोण जातं, असं तुम्हाला वाटेल. स्वतः होऊन कोणी जात नाही. पोरं अमेरिकेत असतात, आईवडील त्यांच्याकडे जातात, आणि नातवंडांची तोंडं पाहून झाली की दिवस खायला उठतात. मग पोरं म्हणतात, चला, तुम्हाला क्रूझवर नेतो, मार्ग तुम्ही ठरवा. मार्ग तीन. ते समजून घ्यायला आईवडील माझ्याकडे यायचे, कारण मुलाला तीच गोष्ट पाचव्यांदा विचारली की तो इंग्रजीत बोलायला लागतो. मी पन्नास वेळा सांगायचे, मराठीत.

पूर्वेचा मार्ग म्हणजे सेंट थॉमस, सेंट मार्टिन वगैरे बेटं. पांढरी वाळू, दुकानं, आणि जाता-येता मध्ये पूर्ण दिवसच्या दिवस नुसतं पाणी. पश्चिमेचा म्हणजे मेक्सिकोचं कोझुमेल, जमैका, केमन. तिकडे जुन्या लोकांच्या देवळांचे अवशेष, गुहा, धबधबे. केमनला जहाज किनाऱ्याला लागत नाही, छोट्या होडीत उतरावं लागतं, म्हणून गुडघेदुखीवाल्यांना मी आधीच सावध करायचे. दक्षिणेचा मार्ग लांबचा, अरुबा, कुरासाव, बार्बाडोस. तिथे जवळजवळ रोज नवीन बेट, समुद्रातला दिवस कमी. आणि पावसाळा ते दिवाळी हा तिकडे वादळांचा काळ, तेव्हा शहाण्याने हिवाळ्यात जावं. झाला माझा सगळा वेद.

आपल्या लोकांची निवड करायची रीत एकच. "ताई, किती ठिकाणं होतात?" बसच्या यात्रेत जशी देवळं मोजतात तशी बेटं मोजायची. जास्त बेटं तो मार्ग चांगला. समुद्रातला दिवस म्हणजे फुकट गेलेला दिवस. एका काकूंनी मला सरळ विचारलं होतं, "दिवसभर पाणीच पाहायचं, त मग अंबाझरीचा तलाव काय वाईट आहे?" मी सांगायचे, काकू, बेट आलं की पोरं-सुना उड्या मारायला पळतात आणि तुम्ही बाकावर पिशव्या सांभाळत बसता. पाण्यातल्या दिवशी कोणी कुठे पळू शकत नाही. तो दिवस तुमचा. अशा काकूंना ते पटायचं नाही, आणि परत आल्यावर त्याच मला सांगायच्या की पाण्यातले दिवस बरे होते.

एकाच माणसाने बेटं न मोजता मार्ग निवडला. काटोलकडचे संत्र्याचे बागायतदार होते, मुलगी अमेरिकेत. त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं की कुरासाव बेटावर फार पूर्वी बाहेरून संत्री आणून लावली, ती तिथल्या कोरड्या मातीत कडू झाली. "मले ते झाड पाहायचं आहे," म्हणाले, "बाकी तुम्ही काही दाखवा." मी दक्षिणेचा मार्ग दिला. परत येऊन ते माझ्यासमोर बराच वेळ बसले. फळ कोणी तोंडात घालत नाही, पण त्या लोकांनी साल वाळवून तिचा वास कामी आणला, तिची दारू जगभर जाते, असं त्यांनी सांगितलं. "आपण पाह्यलं असतं त झाड तोडून टाकलं असतं," म्हणाले. त्यांच्या मुलाशी त्यांचं बोलणं नव्हतं, हे मला नंतर कळलं. असो.

आता इतवारीकडे येते.

मनोहरराव आणि सुरेशभाऊ हे दोघं भाऊ. वडिलांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान दोघं मिळून चालवायचे, राहायचे नंदनवन वस्तीत एकाच घरात. मनोहरराव मोठे. त्यांची बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. सुरेशभाऊंची एकुलती एक मुलगी प्रज्ञा. तिला दोघांनी मिळून वाढवलं, शाळेत कधी हा सोडायचा कधी तो. ती थोरल्याला मोठेबाबा म्हणायची. ती आता नवरा-मुलांसह फ्लोरिडात असते, जिथून ही जहाजं सुटतात तिथून तासाभरावर. तिने दोघांना एकदम बोलावलं होतं. तिकिटांचे पैसे मी भरते, मार्ग तेवढा निवडा, म्हणाली.

दोघं भाऊ माझ्याकडे एकत्र आले ते तेवढं एकदाच, आणि तेही दुकानाच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. कारण त्या दुकानाचा एक नियम होता. वडील जाताना सांगून गेले होते की गादी रिकामी ठेवू नका. म्हणून दोघांपैकी एक जण कायम गादीवर. लग्नाला एक गेला की दुसरा दुकानात. तिरुपतीला एक गेला, पुढच्या वर्षी दुसरा. वडील गेल्यापासून दोन्ही भाऊ एका गावाला, एका गाडीने, कधी गेले नव्हते. आणि याचं त्यांना काही वाटतही नव्हतं, सूर्य पूर्वेला उगवतो तसं ते होतं.

मी तिन्ही मार्ग समजावले. मनोहररावांनी नकाशावर बोट ठेवून ऐकलं आणि भावाकडे पाहिलं. "सुरेश, असं कर न गा. पूर्वेकडचं मी पाहून येतो. पश्चिमेकडचं तू पाहा. अर्धा समुद्र तुझा, अर्धा माझा. दोघं मिळून पूर्ण."

सुरेशभाऊंचा चेहरा उजळला. "बराबर आहे दादा. एकच जागा दोघांनी कायले पाहायची?"

त्या घरात सगळं असंच बरोबरीने वाटलेलं होतं. एकाला धोतरजोडी आली की दुसऱ्यालाही तशीच. फक्त त्यांना एक शंका होती, ती त्यांनी माझ्यापुढे ठेवली. दोन्ही अर्ध्यांत कमीजास्त तर नाही ना? एकाला चांगलं आणि एकाला हलकं असं नको. मला हसू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "मनोहरराव, समुद्र म्हणजे काय वाटणीची परात आहे? दोघं एका जहाजावर जा. आठ-दहा दिवस शटर खाली ठेवा. पोरीने दोघांना एकदम बोलावलं आहे."

"शटर कसं खाली ठेवता येईन ताई?" मनोहरराव शांतपणे म्हणाले. "गिऱ्हाईक येऊन परत जाईन. लोक विचारतीन, घरात काही झालं काय?"

मी पुन्हा सांगितलं. प्रज्ञाने तिथल्या तिथे फोनवर सांगितलं, रडलीसुद्धा. दोघं भाऊ तिच्यावर माया करत आणि तिचं ऐकत नसत. मग ठरलं ते असं. थोरले संक्रांतीनंतर जाणार, पूर्वेच्या मार्गाने. मग लग्नसराई, मग पावसाळा, मग धनत्रयोदशी, भांडेवाल्याला तेव्हा मरायला फुरसत नसते. ते सगळं उरकून धाकटे पुढच्या हिवाळ्यात जाणार, पश्चिमेच्या मार्गाने.

जाता जाता मावंद्याची गोष्ट निघाली. काशीयात्रा करून आलं की आपल्याकडे मावंदं घालतात. चार लोकांना जेवू घालायचं आणि पाहून आलेलं सांगायचं. या घराने अमेरिकेच्या जहाजालाही तोच नियम लावला. आणि दोन जेवणावळी कशाला, दोघंही जाऊन आले की एकच मावंदं घालू, असं मनोहररावांनी ठरवलं. "तोवर कोणी कोणाले सांगायचं नाही," ते भावाला म्हणाले. "अर्धं अर्धं सांगण्यात मजा नाही. मावंद्याले तू तुझं सांग, मी माझं सांगतो. तवा पूर्ण होईन." सुरेशभाऊंनी मान डोलावली. मला तेव्हा ते फार गोड वाटलं होतं.

थोरले गेले, आले. आल्यावर आठवडाभरात माझ्या ऑफिसात हजर. पांढरा सदरा, गळ्यात नेहमीचा दुपट्टा, हातात माझ्यासाठी शंखांची माळ. माळ भयंकर होती, मी ती आजही जपून ठेवली आहे. मी विचारलं, "कसं झालं?"

"बेटं चांगली आहेत," म्हणाले. "ताई, तुम्ही म्हणत होत्या न, पाण्याचा दिवस आपला असते. तसंच झालं. पोट्टे पोहायले गेले, प्रज्ञा त्यांच्या मागं. मी वरतं डेकवर गेलो. खुर्च्याच खुर्च्या. एकीवर बसलो अन् बाजूच्या खुर्चीवर दुपट्टा टाकला."

"कशाला?"

"जागा धरली." त्यांना हसू आलं. "एसटीत नाही का आपण खिडकीतून रुमाल टाकत? तसं. कोणासाठी धरून राहिलो ते मलेच नाही समजलं पहिले. एक गोरा आला, बसू का म्हणे. मी हातानं नाही म्हटलं. जहाजवाल्या पोरानं दुपट्टा उचलून मले देला, मी परत टाकला. दुपारपर्यंत हेच चाललं. मंग समजलं, का मी सुरेशची वाट पाहून राहिलो."

मी हातातली माळ टेबलावर ठेवली. ते म्हणाले, "त्याले सांगू नका हं. मावंद्याले मीच सांगीन. तोंड पाहायचं आहे मले त्याचं."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा होता की जसं काही खिशात पेढा लपवून आणला आहे.

लग्नसराई झाली, पावसाळा आला. तोवर मी सुरेशभाऊंचं पश्चिमेचं तिकीट काढून ठेवलं होतं. पावसाळा सरता सरता एका दुपारी सुरेशभाऊ माझ्या जिन्यावर दिसले. दाढी वाढलेली, हातात औषधांची पिशवी. मला वाटलं खालच्या लॅबमध्ये आले असतील. ते वर आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ताई, तिकीट कॅन्सल करून टाका. दादाले लकवा मारला."

रामदासपेठेतल्याच एका दवाखान्यात मनोहरराव होते. गादीवर बसल्या बसल्या उजवी बाजू गेली होती. डॉक्टर म्हणत होते, समजतं सगळं, पण बोलणं गेलं आहे, आता परत यायची आशा फार कमी. तोंडातून नुसता आवाज निघतो, शब्द होत नाही.

"दुकान?" मी विचारलं. काय बोलावं ते न सुचून माणूस असलंच काहीतरी विचारतो.

"बंद आहे. झालं तवापासून बंदच आहे." सुरेशभाऊ माझ्या टेबलाकडे बघत बोलत होते. "काही झालं नाही ताई. गिऱ्हाईक बाजूच्या दुकानात गेलं. चार लोकांनी विचारलं, बस. आठ दिवस बंद ठेवलं असतं त काय झालं असतं? तुम्ही सांगून राहिल्या होत्या. प्रज्ञा रडून राहिली होती. काहून ऐकलं नाही आम्ही?"

मी बरोबर होते, पण त्या बरोबर असण्याचं त्या दुपारी काय करायचं ते मला कळेना. मी पाणी दिलं.

पाणी पिऊन त्यांनी विचारलं, "दादा तुमच्याकडे आला होता न, तिकडून आल्यावर? मी त्याले काहीच विचारलं नाही. एका गादीवर बसलो, एका ताटात जेवलो, पण विचारलं नाही. मावंद्याले सांगणार होता. तुम्हाले काही बोलला काय?"

मनोहररावांनी मला सांगू नका म्हटलं होतं. पण ज्याने सांगायचं त्याचंच तोंड बंद झालेलं. मी सांगितलं. डेक, खुर्ची, दुपट्टा, तो गोरा, जहाजवाला पोरगा, सगळं सांगितलं. सांगताना मला सारखं वाटत होतं की हे माझ्या तोंडी शोभत नाही. मनोहरराव हसत हसत, थांबत थांबत, भावाच्या तोंडाकडे पाहत सांगणार होते. त्यांनी कितीतरी महिने ते राखून ठेवलं होतं आणि मी ते टेबलापलीकडून, पुस्तकी मराठीत, दोन मिनिटांत संपवलं. आयुष्यात मी बरंच काही कमी-जास्त विकलं, त्याचं मला फारसं वाटत नाही. याचं वाटतं.

सुरेशभाऊंनी औषधांची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. मग म्हणाले, "कॅन्सल नका करू. बदलून द्या. दादा गेला तोच मार्ग. जमलं त तेच जहाज."

"अहो, तुमचा पश्चिमेचा ठरला होता ना?"

"पश्चिमेचं पाहून मी कोणासोबत बोलू ताई?" ते म्हणाले. "दादाले त्याचंच माहीत आहे. त्याचं त्याले सांगता येत नाही, त मी पाहून येतो अन् त्याच्यासमोर सांगतो. चुकलं त मान हलवीन तो. तेवढं त जमते त्याले."

इतक्या वर्षांत मार्ग निवडायचं हे कारण मी पहिल्यांदा ऐकलं. बेटं किती, हे त्यांनी विचारलंच नाही.

जायला त्यांचं मन होत नव्हतं. भाऊ अंथरुणाला, आपण समुद्रावर, हे कसं दिसेल? पण मनोहररावांनीच धक्का दिला. घरी आणल्यावर सुरेशभाऊंनी त्यांच्यासमोर तिकीट धरलं, तर ते डाव्या हाताने त्यांना दाराकडे लोटायला लागले. सुरेशभाऊंची बायको म्हणाली, मी आहे इथे, तुम्ही जा. हिवाळ्यात ते नागपूरहून एकटेच गेले, दादांच्याच जहाजाने. दुकानाला कुलूप.

पुढचं मी नंदनवनात पाहिलं, कारण मावंद्याला मला बोलावणं होतं. फार माणसं नव्हती. पुरणपोळी, वडा-भात, आणि जेवणं झाल्यावर सगळे बैठकीत जमले. मनोहरराव भिंतीशी खुर्चीत, पाठीला दोन लोड लावून बसवलेले. अंग निम्मं झालेलं, डोळे मात्र तसेच. त्यांच्या बाजूला एक खुर्ची रिकामी होती, कारण पाहुणे तिथे बसायला जरा बिचकत होते. सुरेशभाऊ मध्ये उभे राहून सांगत होते. दादांचाच दुपट्टा त्यांनी सोबत नेला होता, तो त्यांच्या खांद्यावर होता.

बेटांचं त्यांनी भराभर उरकलं. एका ठिकाणी बेटांचा क्रम चुकला, मनोहररावांनी जोरात मान हलवली, सगळे हसले. मग पाण्याच्या दिवसाची गोष्ट आली. सुरेशभाऊंचा आवाज बारीक झाला.

"दादा, मी वरतं गेलो डेकवर. तू कुठं बसला असशीन ते प्रज्ञानं दाखवलं. पण तुझ्या खुर्चीवर मी नाही बसलो गा. बाजूच्या खुर्चीवर बसलो, तू धरून ठेवली होती तिच्यावर. अन् तुझ्या खुर्चीवर हा दुपट्टा टाकला. एक बाई आली, बसू का म्हणे. मी म्हटलं, भाऊ येऊन राहिला माझा. मराठीतच म्हटलं. तिले समजलं, ते गेली."

पुढचं सोडून त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा सावरला. मी मान खाली घातली, कारण ती गोष्ट त्यांना कुणी सांगितली ते मनोहररावांना आता कळलं असणार, आणि त्यांच्याकडे पाहायचं मला धैर्य नव्हतं.

खुर्ची करकरली म्हणून मी वर पाहिलं. मनोहररावांनी डावा हात पुढे केला होता. सुरेशभाऊ जवळ गेले तसा त्यांनी त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून घेतला. त्याला बराच वेळ लागला, कोणी मदत केली नाही. मग त्यांनी तो बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर टाकला, हाताने नीट केला, आणि भावाच्या तोंडाकडे पाहत राहिले.

सुरेशभाऊंनी दुपट्टा उचलून मांडीवर घेतला आणि ते तिथे बसले. दोघं भाऊ शेजारी शेजारी बसलेले मी त्या दिवशी पाहिले. त्यानंतरच्या वर्षी मनोहरराव गेले.